अस्तराची साक्ष

१

गुरुवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी भाऊंनी इस्त्री उचलली आणि तिच्याबरोबर झग्याचं अस्तरही वर आलं.

तळहाताएवढा तुकडा ओल्या फडक्यासकट इस्त्रीच्या बुडाला चिकटला होता. खाली तांबूस, चमकदार अस्तरात पानाच्या आकाराचं भोक पडलं होतं. वरच्या निळ्या लोकरीला काही झालं नव्हतं. भाऊंनी इस्त्री उभी केली, बटण बंद केलं आणि दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून उभे राहिले. एकतीस वर्षांत त्यांच्या टेबलावर काहीही जळालेलं नव्हतं.

हे वर्कशॉप रंगमंचाचे कपडे शिवायचं. झगा एका गायिकेचा होता. रविवारी तिचा प्रयोग होता, आणि शेवटच्या अंकात ती दोन्ही हात पसरून झगा उघडणार होती, म्हणजे आतलं अस्तर सगळ्या सभागृहाला दिसणार होतं. त्यासाठी तिने आईने पन्नास वर्षं जपून ठेवलेलं रेशमी सॅटिन आणून दिलं होतं. ते विणणारी गिरणी कधीच बंद पडली होती. दुसरं मिळणार नव्हतं.

मालकीणबाईंनी भोक पाहिलं, मग भाऊंकडे पाहिलं.

"भाऊ, हे काय?"

"हात चुकला असेल."

"असेल म्हणजे?"

"मला कळलंच नाही, बाई. रेशमाची आच होती, ओलं फडकं वर होतं, रोजच्यासारखंच. पण इस्त्री माझ्या हातात होती. दुसऱ्या कुणाचं नाव कसं घेऊ?"

"तुमचा मुलगा परवाच म्हणत होता, बाबांचा हात आता थरथरतो म्हणून."

"चहाचा कप धरताना थरथरतो," भाऊ म्हणाले. "इस्त्री धरताना नाही."

पण हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं की ते त्यांनाच पटलेलं नसावं.

बाईंनी तिथल्या तिथे गायिकेला फोन लावला. "आमच्या इस्त्रीवाल्याकडून अस्तर जळलं," त्या म्हणाल्या, "त्याला आम्ही कामावरून काढतोय." सगळ्या कामगारांनी ते ऐकलं. मग फोन ठेवून त्यांनी भाऊंना सांगितलं, "संध्याकाळी सहाला चाव्या वन्संकडे द्या. आणि कुणीतरी जाऊन रफूवाल्या काकूंना घेऊन या. गायिकाबाई शनिवारी दुपारी येणार आहेत."

२

काकू दोन गल्ल्या सोडून राहायच्या. वय पासष्ट. त्यातली वीस वर्षं त्यांनी कापडगिरणीच्या प्रयोगशाळेत धागे तपासले होते आणि पुढची पंचवीस लोकांच्या कपड्यांना रफू केलं होतं. त्यांची एक पद्धत होती. फाटलेल्या जागेकडे त्या आधी बघतच नसत. शिवणीच्या आतून एक धागा ओढायचा, तो जाळून बघायचा, आणि मग कुठला धागा सुईत ओवायचा ते ठरवायचं.

"काकू, रेशीम आहे ते, आम्हाला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "घाई आहे."

"मला माहीत नाही ना अजून," काकू म्हणाल्या. "काडेपेटी द्या."

सगळे टेबलाभोवती जमले. बाई होत्या. त्यांची नणंद होती, जिला सगळं वर्कशॉप बाईंचं ऐकून वन्संच म्हणायचं आणि जिच्या कमरेला कापडाच्या कपाटाची किल्ली असायची. शिलाई मशीनवरची चिमणी होती. हे नाव तिच्या अखंड बडबडीमुळे पडलं होतं, एरवी ती दोन मुलांची आई होती. कापड बेतणारे मास्तर होते, कानावर खडू, गळ्यात टेप. भाऊ आपल्या टेबलापाशी थांबले होते.

काकूंनी अस्तराच्या काठातून धागा ओढला, चिमट्यात धरला आणि काडी जवळ नेली.

"रेशीम हे किड्याने काढलेलं," त्या धाग्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "लोकर मेंढीची. दोन्ही जिवाच्या अंगची. जाळलं की केस जळल्याचा वास येतो आणि काळी राख बोटांत चुरली जाते. सूत जाळलं की कागदाचा वास. आता बघा."

धागा पेटला, आक्रसला आणि त्याच्या टोकाला एक थेंब लोंबायला लागला. थेंब गार होऊन काळा मणी झाला. काकूंनी तो नखाने दाबला. चुरला नाही. मग त्यांनी चिमटा चिमणीच्या नाकाखाली धरला.

"वास कसला?"

चिमणीने नाक मुरडलं. "लोणचं मुरताना... नाही, व्हिनेगरसारखा. आंबट."

"केसांचा?"

"केसांचा अजिबात नाही."

काकूंनी चिमटा खाली ठेवला. "बाई, गायिकाबाईंचं रेशीम जळलेलं नाही. हे रेशीमच नाही."

३

पहिल्यांदा बोलल्या त्या वन्सं. कापडाच्या कपाटापुढे उभं राहून त्यांनी आयुष्य काढलं होतं, आणि त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं.

"वितळलं म्हणजे पॉलिस्टर," त्या म्हणाल्या. "वहिनी, मग तर गोष्ट आणखी वाईट आहे. पॉलिस्टर रेशमाच्या आचेवर वितळत नाही, तिच्या कितीतरी वर वितळतं. ते चिकटलं याचा अर्थ भाऊंनी इस्त्री लाल होईपर्यंत तापवली होती."

भाऊ स्टुलावर बसले. क्षणभर त्यांना सुटल्यासारखं वाटलं होतं, ते गेलं.

काकूंनी वन्संकडे कौतुकाने पाहिलं. "बरोबर बोललीस. पॉलिस्टर असतं तर भाऊंची चूकच होती. चिमणे, नखांचा रंग कशाने काढतेस?"

"रिमूव्हरने. का? माझ्या नखांचं काय?"

"नखं छान आहेत. बाटली आण."

काकूंनी काचेच्या दोन वाट्या घेतल्या. एकीत जुन्या झालरीचा पॉलिस्टरचा धागा टाकला, दुसरीत अस्तराचा. दोन्हींत रिमूव्हर ओतला. मिनिटभरात पहिला धागा होता तसाच तरंगत होता. दुसरा मऊ झाला, चिकट झाला, मग गोंदासारखा वाटीच्या तळाला पसरला आणि दिसेनासा झाला.

"अ‍ॅसिटेट," काकू म्हणाल्या. "लाकडाच्या लगद्यापासून करतात. दिसायला हुबेहूब रेशीम. अस्तराला लोक तेच वापरतात, त्यात वाईट काही नाही. फक्त आच सोसत नाही. रेशमाला जी आच लागते तीत हे नरम पडतं आणि इस्त्रीला चिकटतं. वितळतात दोन्ही, पण एक खूप उशिरा आणि एक फार लवकर."

"हे तोंडी झालं," वन्सं म्हणाल्या.

"मग हाताने करू. भाऊ, ऊठ. इस्त्री घे. सकाळी आकडा जिथे ठेवला होतास तिथे ठेव."

भाऊंनी आकडा लावला. बाईंनी स्वतः वाकून पाहिला. रेशमाच्या खुणेवर होता. पण आता तुलनेला खऱ्या रेशमाचा तुकडा हवा होता. चिमणीने बेतण्याच्या टेबलाखालची चिंध्यांची पिशवी ओढली. महिन्यातून एकदाच ती रिकामी व्हायची. त्यातून दहा-बारा तांबूस तुकडे निघाले. काकूंनी एकेकाचा धागा जाळला. काहींचा आंबट वास आला. चार तुकड्यांचा मात्र केस जळल्याचा आला आणि राख बोटांत भुकटी झाली.

भाऊंनी तीन चिंध्या ओळीने मांडल्या. रेशीम, पॉलिस्टर, अ‍ॅसिटेट. ओलं फडकं टाकलं, इस्त्री ठेवली, आठ मोजले, उचलली. रेशीम गुळगुळीत. पुढची. पॉलिस्टर सपाट, काही झालं नाही. तिसरी चिंधी फडक्यासकट इस्त्रीबरोबर वर गेली.

भाऊंनी इस्त्री उभी केली आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. तो स्थिर होता.

"तुझा हात चुकला नव्हता," काकू म्हणाल्या. "तुला खोटं कापड दिलं होतं."

बाईंनी खुर्ची ओढली. त्यांचा आवाज बदलला होता. "मग खरं रेशीम कुणी चोरलं?"

४

बाईंना पोलिसांना बोलवायचं होतं. काकूंनी अर्धा तास मागून घेतला आणि त्या सगळ्यांशी बोलायला बसल्या, बेतण्याच्या टेबलाशीच, सगळ्यांच्या समोर.

"वन्सं, रेशीम तुझ्याकडे किती दिवस होतं?"

"आठ. कुलपात. किल्ली माझ्या कमरेला. आणि माझ्यावर आळ घ्यायचा असेल तर सरळ घ्या, काकू, आडून नको."

"आळ घेत नाही, विचारतेय. हे अ‍ॅसिटेट कुठून आलं?"

"मागच्या नाटकाच्या अस्तराचं उरलेलं असणार. तळच्या फळीवर होतं. तिथे कुलूप नाही. रंग तोच, म्हणून तर ते मी गायिकाबाईंना आधी दाखवलं होतं. त्या म्हणाल्या, आईचंच लावायचं."

"चिमणे, तुझ्याकडे काय आलं?"

"कापलेले तुकडे. पाठ एक, पुढचे दोन. मी शिवले. मला काय माहीत आत किडा की लाकूड. चकचकीत होतं, सुईखाली सरकत होतं, मी दोन शिव्या दिल्या आणि शिवलं."

"रेशीम आणि हे यात हाताला फरक कळला नाही?"

"खरं सांगू? रेशीम मी हातात घेतलंच नव्हतं. लांबूनच पाहिलं होतं. वन्सं हात लावू देतात का?"

"हात धुतलेस तर देईन," वन्सं म्हणाल्या.

काकू मास्तरांकडे वळल्या. मास्तर त्या शहरातले सगळ्यात चांगले बेतणारे मानले जायचे. कुठल्याही कापडाबद्दल त्यांचं मत तयार असायचं आणि ते विचारायच्या आधी मिळायचं. आज अस्तर जळल्यापासून ते एक शब्द बोलले नव्हते. पॉलिस्टर की काय यावर वाद चालू होता तेव्हाही नाही.

"मास्तर?"

"मला गठ्ठा दिला, मी बेतला, पुढे दिला," मास्तर म्हणाले. "सोमवारी. एवढंच."

"बरं," काकू म्हणाल्या. "भाऊ, आज झगा तुझ्याकडे कुणी आणून दिला?"

"मास्तरांनीच."

"काही म्हणाले?"

भाऊ घुटमळले. "म्हणाले, इस्त्री अगदी मंद ठेवा. मला जरा लागलं ते. वीस वर्षं शेजारी काम करतोय, मी त्यांना कातर कशी धरा सांगत नाही, त्यांनी मला आच सांगितली नव्हती. मी म्हटलं, रेशमाची आच मला ठाऊक आहे. आणि माझ्या अंदाजानेच केली."

मास्तरांनी कानावरचा खडू काढला आणि खिशात टाकला.

"भाऊ," काकू म्हणाल्या, "त्या चार रेशमी चिंध्यांची रांग लाव बरं इथे. चमकती बाजू वर."

५

"आता मी काय म्हणते ते तपासून बघा," काकूंनी सुरुवात केली. "चुकले तर थांबवा.

"रेशमाच्या चिंध्या बेतण्याच्या टेबलाखाली सापडल्या. म्हणजे खरं रेशीम या टेबलापर्यंत आलं आणि त्यावर कातर चालली. वन्संच्या कपाटात अदलाबदल झाली असती तर इथे रेशमाची एक चिंधी नसती. वन्सं, तू सुटलीस."

"मी अडकलेच नव्हते," वन्सं म्हणाल्या, पण त्यांचे खांदे सैल पडले.

"अ‍ॅसिटेटच्या चिंध्याही इथेच आहेत. म्हणजे तेही इथेच कापलं गेलं. चिमणीकडे गेले ते तुकडे आधीच खोटे होते. चिमणी सुटली. राहिले मास्तर."

बाई उठल्या. "मास्तर, तुम्ही? चोरी?"

"थांबा," काकू म्हणाल्या. "चोर रेशीम कापेल कशाला? अख्खा गठ्ठा उचलला असता तर कुठेही चालला असता. झग्याच्या मापाने कापलेल्या सॅटिनचं बाहेर काय होणार? ज्याने कापलं त्याला शिवायचंच होतं. कापल्यावर काहीतरी झालं. काय झालं ते या चिंध्या सांगतायत."

त्यांनी त्यातले दोन तुकडे पुढे सरकवले. दोन्ही गळ्याच्या गोलाईतून निघालेले, कोयरीसारखे वाकडे.

"झग्याला पुढचे भाग दोन. एक डावा, एक उजवा. चपलांसारखे. त्यांच्या गळ्यातून निघालेल्या चिंध्याही एकमेकींकडे तोंड करून बसायला हव्यात. चिमणे, बसव."

चिमणीने फिरवून पाहिलं. वर, खाली, आडवं. दोन्ही चिंध्या एकाच बाजूला वाकत होत्या. शेवटी तिने एक उलटी केली. लगेच जोडी जमली. पण उलटीची चमक गेली होती. वर आली ती मळकट पाठ.

तिने दोन्ही चिंध्या टेबलावर ठेवल्या.

"दोन डावे," ती म्हणाली.

"दोन डावे," काकू म्हणाल्या. "सुती कापड असतं तर एक उलटं करून उजवा केला असता, कुणाला कळलंही नसतं. सुताला दोन्ही बाजू सारख्या. सॅटिनला सुलट एकच. साधं कापड मास्तर दुमडून कापतात, एका कातरीत डावा-उजवा दोन्ही निघतात. सॅटिन दुमडलं की सरकतं, म्हणून ते एकेरी पसरून कापतात. मग एक बाजू कापून झाल्यावर कागदी पॅटर्न पालथा करायचा असतो."

"गायिकाबाई आल्या होत्या सोमवारी," मास्तर म्हणाले. सगळे त्यांच्याकडे वळले. ते टेबलाच्या कडेला टेकले होते. "मी डावा कापला. त्या आत आल्या, आईच्या गोष्टी सांगत बसल्या. हे कापड शिवायचं म्हणून घेतलं, कधी शिवलं नाही, असं काही. रडल्या थोड्या. त्या गेल्यावर मी पॅटर्न ठेवला आणि कापला. उचलल्यावर कळलं. पालथा केलाच नव्हता. चाळीस वर्षं मी नव्या पोरांना हेच पहिलं शिकवतो."

"मग सांगायचं होतं," बाई म्हणाल्या.

"त्या नुकत्याच रडून गेल्या होत्या हो. कुठल्या तोंडाने सांगू? तळच्या फळीवर तोच रंग होता. वाटलं, कुणाला कळणार नाही."

"आणि मला?" भाऊंनी विचारलं. आवाज चढवलेला नव्हता. "सकाळी बाई फोनवर माझं नाव सांगत होत्या. तुम्ही चार हातांवर उभे होतात, मास्तर."

मास्तरांनी मान वर केली नाही. "तेव्हा बोलायला पाहिजे होतं. नाही बोललो."

ते उठले, भिंतीशी उभ्या असलेल्या पॅटर्नच्या पुठ्ठ्याच्या नळीत हात घातला आणि कागदात गुंडाळलेलं तांबूस रेशीम बाहेर काढलं. दोन डावे भाग आणि पाठीचं न कापलेलं कापड. त्यांना ते टाकवलं नव्हतं.

६

"दोन डाव्यांचं करायचं काय?" बाई म्हणाल्या. "उजवा हवाय. आणि हातात दीड दिवस."

मास्तर रेशमाकडे बघत होते. मग त्यांनी खडू पुन्हा बाहेर काढला.

"पट्टीला डावं-उजवं नसतं," ते म्हणाले.

काकूंच्या आधी चिमणीला कळलं. "उभ्या पट्ट्या कापायच्या?"

"चार उभ्या पट्ट्या. मग क्रम उलटा लावायचा. बाहेरची आत, आतली बाहेर. सुलट बाजू वरच राहते आणि भाग उजवा होतो. तिरक्या कडेला कोपरा उरेल तो पाठीच्या कापडातून निघेल आणि काठाच्या शिवणीत दडेल. पण तीन जोड येतील. वर दिवे असणार. जोड चमकले तर सगळं वाया."

"शिवण मी घालते," चिमणी म्हणाली.

"जोडाच्या रेषेवर मी हात फिरवते," काकू म्हणाल्या. "याच कापडातून ओढलेल्या धाग्याने. दुसरा धागा वेगळा उजळतो."

मग सगळे भाऊंकडे बघायला लागले. सॅटिनचा जोड सुईने अर्धाच लपतो. उरलेला अर्धा इस्त्रीने लपतो, नाहीतर कायमचा उठून दिसतो.

"सहाला चाव्या द्यायच्या आहेत मला," भाऊ म्हणाले.

बाईंनी ऐकलं. "भाऊ, ते मी..."

"आधी जोड करू," भाऊ म्हणाले. "मग बोला."

शुक्रवारी दिवसभर वर्कशॉपमध्ये दुसरं काम झालं नाही. मास्तरांनी प्रत्येक पट्टी दोनदा मोजली आणि कापायच्या आधी चिमणीला दाखवली. "मला विचारताय?" ती म्हणाली, आणि नंतर पुरत्या ऐटीत "हं, कापा" म्हणाली. वन्संनी कपाटाची किल्ली पहिल्यांदाच टेबलावर ठेवून दिली. चार वाजता जोडलेला भाग भाऊंकडे आला. त्यांनी तो पालथा टाकला, प्रत्येक शिवण बोटाने उघडली, खाली मऊ लोकरीचं फडकं घातलं, वरून ओलं, आणि कालच्याच खुणेवरच्या इस्त्रीचं टोक टेकवत, कधीही न ओढता, एकेक बोट पुढे सरकत गेले. तीन जोडांना पन्नास मिनिटं लागली. बाई सगळा वेळ उभ्या होत्या.

शनिवारी एक वाजता गायिका आली. तिने झग्याकडे बघितलंसुद्धा नाही. आधी बाईंकडे बघितलं. गुरुवारच्या फोननंतर भांडायची तयारी करूनच ती आली होती.

बाईंनी तिला बसू दिलं नाही. "मी गुरुवारी तुम्हाला चुकीचं सांगितलं," त्या म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "भाऊंनी काही जाळलं नव्हतं. त्यांच्या हातात मी खोटं कापड पडू दिलं आणि न तपासता त्यांना दोष दिला. ते इथेच काम करणार आहेत, त्यांची इच्छा असेल तर."

"कापड माझ्यामुळे खोटं झालं," मास्तर म्हणाले, आणि उरलेलं सगळं त्यांनीच सांगितलं. दोन डावे, पुठ्ठ्याची नळी, चिकटलेलं अस्तर. काही गाळलं नाही.

गायिकेने आता झग्याकडे बघितलं. "म्हणजे आईच्या कापडाला ठिगळं लावली तुम्ही."

"पट्ट्या," चिमणी म्हणाली.

"एका बाजूला तीन जोड आहेत," भाऊ म्हणाले. "दुसरी बाजू अखंड. रंगमंचावर कुणी हात लावून बघणार नाही, तुम्हीही लावू नका. नुसतं बघून सांगा जोड कुठे आहेत. दिसले तर मी आत्ता निघतो."

"भाऊ," बाई म्हणाल्या.

"बघू द्या त्यांना."

वन्संनी झगा टेबलावरच्या मोठ्या दिव्याखाली दोन्ही हातांनी उघडून धरला. गायिका चष्मा लावून पुढे आली. डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. मागे गेली, मान तिरकी केली, पुन्हा जवळ आली. तांबूस रेशीम तिच्या श्वासाने किंचित हलत होतं. चिमणीने काकूंचा दंड घट्ट धरला होता.

शेवटी गायिकेने बोट दाखवलं. ठामपणे.

"इथे. ही बाजू जोडलेली आहे."

तिचं बोट डाव्या, अखंड बाजूवर होतं.

भाऊ हसले. त्या हसण्याला काय म्हणायचं हे गायिकेला कळेना, आणि मग वन्सं हसल्या, चिमणी ओरडलीच, मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आणि बाईंनी दोन्ही हातांनी भाऊंचा उजवा हात धरला आणि सोडेचनात.

"सोडा बाई," भाऊ म्हणाले. "झग्याच्या पाठीला अजून इस्त्री करायची आहे."